पुस्तक पडताळणी आणि पुस्तके बाद करणे: करायची कशी, सही कोणाची?

नवा_सचिव

तालुक्याच्या ठिकाणचे शासनमान्य ‘ब’ वर्ग वाचनालय. संस्था सोसायटी नोंदणी कायदा आणि सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा अशा दोन्हींखाली नोंदलेली. दाखल नोंदवहीतला (आलेले प्रत्येक पुस्तक क्रमांक देऊन जिच्यात लिहितात ती वही) शेवटचा क्रमांक १८,२४०. मुक्तद्वार पद्धत, म्हणजे वाचक स्वतः कपाटापाशी जाऊन पुस्तक काढतो. पूर्ण पडताळणी झाल्याची नोंद उपलब्ध इतिवृत्तांत कुठेच नाही. कार्यकारी मंडळ नवे आहे, ग्रंथपाल दोन महिन्यांत निवृत्त होतील.

पडताळणी कशी करावी, न सापडलेल्या पुस्तकांचे काय करावे, फाटकी पुस्तके बाद करायला कोणाची परवानगी लागते आणि मावळत्या ग्रंथपालांकडून पदभार घेताना कागदावर काय लिहावे? चारही प्रश्न एकमेकांत अडकले आहेत म्हणून एकच धागा काढला.

खतावणी

पदभाराचे आधी, कारण त्याला मुदत आहे.

पडताळणी झालेली नसताना ‘सर्व पुस्तके नोंदीप्रमाणे मिळाली’ अशा वाक्याखाली नव्या माणसाने सही करू नये आणि जुन्याकडून तशी लिहूनही घेऊ नये. ‘दाखल नोंदवहीतील क्र. १ ते १८,२४० नुसारचा संग्रह पडताळणीअधीन राहून ताब्यात घेतला’ एवढेच लिहा. बाकीच्या गोष्टी मात्र मोजून घ्या: दाखल नोंदवह्या किती खंड व प्रत्येकाची पाने, चालू पावती पुस्तक कोणत्या क्रमांकापर्यंत वापरले, कोरी पावती पुस्तके किती, अनामत नोंदवही, जडवस्तू संग्रह (कपाटे, टेबले वगैरे) नोंदवही, नियतकालिकांची नोंदवही, किल्ल्या, शिक्के, संगणकाचे पासवर्ड. अनामतीची बेरीज बँकेतल्या शिलकेशी त्याच दिवशी ताडून पाहा. पुस्तके हरवतात हे सगळ्यांना माहीत असते. अनामत खर्ची पडलेली असते हे सहसा सभासद राजीनामा देऊन पैसे मागायला येतो तेव्हा कळते.

जाता जाता: मंडळ बदलले आहे तर धर्मादाय कार्यालयात विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम २२ खालचा बदल अर्ज ९० दिवसांत जायला हवा. तो राहिला की बँकेतल्या सह्यांपासून पुढचे सगळे अडते.

तारीखपट्टी

आता प्रत्यक्ष पडताळणी. तीन पद्धती आहेत.

पहिली म्हणजे दाखल नोंदवही घेऊन कपाटापुढे बसणे. ही करू नका. नोंदवही क्रमांकाने चालते, कपाट विषयाने. एका खणातल्या सलग तीन पुस्तकांचे क्रमांक ४१२, ११,९०७ आणि ६,०३३ असतात. दर पुस्तकाला नोंदवहीचा वेगळा खंड उघडावा लागतो आणि जुनी पाने हाताळून हाताळून फाटतात.

दुसरी अंकतक्त्याची. कागदावर ५० ओळी आणि १० रकाने आखून सलग क्रमांक छापायचे. एका तक्त्यात ५०० बसतात, तुम्हाला ३७ तक्ते पुरतील. एकाने पुस्तक काढून क्रमांक मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने तक्त्यात त्यावर पेन्सिलने खूण करायची आणि क्रमांक परत उच्चारायचा. हा प्रतिध्वनी टाळला की चुका होतातच. पुस्तकामागे २० सेकंद धरले तर एका जोडीला तासाला १८० पुस्तके. साधारण १७ हजार पुस्तकांना शंभरेक तास. दोन जोड्या रोज पाच तास बसल्या तर दहा दिवस. जोड्या दोन असतील तर तक्त्यांचे संच दोन करा आणि शेवटी एकावर एक उतरवा. एकच तक्ता दोघांत फिरवला की गोंधळ ठरलेला.

तिसरी बारकोडची. त्यावर खाली कोणीतरी लिहीलच.

क्रमांक वाचताना दोन गोष्टी जपा. हाताने लिहिलेल्या मराठी आकड्यांत १ आणि ९, तसेच ५ आणि ६ यांची गल्लत होते. जुन्या पुस्तकांत एकाच पानावर मराठी व इंग्रजी आकडे मिसळलेलेही असतात. संशय आला तर गुप्त पान पाहा. बहुतेक वाचनालयांत शिक्का आणि दाखल क्रमांक मुखपृष्ठामागच्या पानावर, शेवटच्या पानावर आणि ठरलेल्या एका आतल्या पानावर असतो. तुमच्याकडे ते पान कोणते, हे मावळत्या ग्रंथपालांना आजच विचारून ठेवा. पहिली चार पाने गेलेल्या पुस्तकाची ओळख त्या एका पानावरच पटते.

नवा_सचिव

देवघेव बंद ठेवावी लागेल का? दहा दिवस बंद म्हटले तर सभासद ओरडतील.

तारीखपट्टी

पूर्ण बंद ठेवली तर काम सोपे होते, पण गरज नाही. विभागवार करा. आज कादंबऱ्यांची तीन कपाटे, तर तेवढीच दोरी लावून बंद. तपासून झालेल्या पुस्तकाच्या तारीखपट्टीच्या (तारखेचे शिक्के मारायला आत चिकटवलेला कागद) कोपऱ्यात रंगीत पेन्सिलीचा ठिपका द्या. परत येणारे पुस्तक ठिपका नसेल तर वेगळ्या टेबलावर जाईल आणि दिवसअखेर तक्त्यात चढेल. ठिपका असेल तर सरळ कपाटात.

कपाटाबाहेरची पुस्तके विसरली जातात: देवघेवीत असलेली, बांधणीला दिलेली, बालविभागाच्या पेटीत गेलेली, प्रदर्शनाच्या काचेत असलेली, अभ्यासिकेत कायमची ठेवलेली. आणि पदाधिकाऱ्यांच्या घरी कार्डावर न लिहिता गेलेली. शेवटच्या प्रकारासाठी सचिवांच्या सहीने सर्व आजी-माजी मंडळाला एक नम्र पत्र पाठवा, नावे न घेता, परत करायची तारीख घालून.

कोपऱ्यातलं_कपाट

बारकोडचे लिहितो. बारकोडमध्ये दाखल क्रमांकच घालावा. वेगळी मालिका सुरू केली की आयुष्यभर दोन क्रमांक सांभाळावे लागतात. कोहा किंवा ई-ग्रंथालय या ग्रंथालयांच्या संगणक प्रणाली वापरत असाल तर दोन्हींत पडताळणीची सोय आहे: स्कॅन केलेल्या क्रमांकांची फाइल द्यायची, प्रणाली न आलेल्यांची यादी देते. देवघेवीत असलेली पुस्तके वगळायचा पर्याय निवडायला विसरू नका, नाहीतर वाचकांच्या घरी असलेलीही हरवलेल्यांत दिसतील.

संगणक प्रणाली नसली तरी स्कॅनर आणि साधी एक्सेल फाइल पुरते. स्कॅनर म्हणजे संगणकाच्या लेखी कीबोर्डच. इथेच दोन खड्डे आहेत. कीबोर्ड मराठीवर असेल तर क्रमांक मराठी आकड्यांत उमटतात आणि यादीशी जुळत नाहीत. दुसरे, ००४५२ सारख्या क्रमांकातली पुढची शून्ये एक्सेल गिळून टाकते. स्कॅन सुरू करण्याआधी रकाना ‘टेक्स्ट’ करा. सगळे स्कॅन झाल्यावर हे लक्षात आले तर शून्ये परत भरता येतात, पण तोवर हजारो पुस्तके ‘हरवलेली’ दिसून मंडळाची झोप उडालेली असते.

खतावणी

आकडे जुळवण्याचा नमुना देतो. पहिला सोडून बाकीचे आकडे उदाहरणादाखल.

दाखल नोंदवहीचा शेवटचा क्रमांक १८,२४०. आजवर रीतसर बाद केलेली १,३१५. म्हणजे असायला हवीत १६,९२५. कपाटात सापडली १५,४०२, देवघेवीत ८७१, बांधणीला ६४. बेरीज १६,३३७. फरक ५८८. ही तुमची न सापडलेल्यांची यादी.

बेरीज जुळली नाही, म्हणजे न सापडलेल्यांची यादी ५८८ पेक्षा लहान किंवा मोठी निघाली, तर बहुधा एकच क्रमांक दोन पुस्तकांवर पडलेला असतो किंवा नोंदवहीत एखादा क्रमांक लिहायचाच राहून गेलेला असतो. पान उलटताना असे होते. प्रत्येक पानाचा पहिला आणि शेवटचा क्रमांक तपासला की सापडते.

५८८ हा आकडा मोठा की लहान? सामान्य वित्तीय नियम २०१७ मधला नियम २१५ बघा. तो केंद्र सरकारच्या ग्रंथालयांसाठी आहे, आपल्याला बंधनकारक नाही, पण माप म्हणून चांगला. वर्षभरात देवघेव झालेल्या किंवा हाताळलेल्या दर हजार पुस्तकांमागे पाच गहाळ होणे तो वाजवी धरतो. अट एवढीच की त्यामागे अप्रामाणिकपणा किंवा हयगय नसावी. हजार रुपयांहून अधिक किमतीचे पुस्तक आणि कोणत्याही किमतीचे दुर्मीळ पुस्तक गेले तर चौकशी करायचीच. समजा तुमची वार्षिक देवघेव २२,००० आहे. वर्षाला ११० झाली, पाच वर्षांत ५५०. पडताळणी त्याहून कितीतरी अधिक काळ झालेली नाही, तेव्हा ५८८ ने घाबरू नये. ही सगळी एकाच विभागातली असतील तर मात्र जरूर घाबरावे.

त्याच नियमात २० हजारांपर्यंतच्या संग्रहाची पूर्ण पडताळणी दरवर्षी आणि २० ते ५० हजारांची तीन वर्षांतून एकदा सांगितली आहे.

शिस्तप्रिय

हरवलेल्या पुस्तकांची किंमत ग्रंथपालांकडून वसूल करावी. मानधन घेतात ना? जबाबदारी कोणाची मग?

नियम_उपविधी

मुक्तद्वार ठेवण्याचा निर्णय मंडळाचा. दाराशी माणूस न नेमण्याचाही मंडळाचा. वर्षानुवर्षे पडताळणी न लावणे हेही मंडळाचेच. मग फक्त भरपाई ग्रंथपालाची कशी? ग्रंथपालाने कार्ड न लिहिता पुस्तके दिली किंवा थकलेल्यांना स्मरणपत्रेच पाठवली नाहीत असे कागदावर दाखवता येत असेल तर तो वेगळा विषय, त्याला नोटीस आणि म्हणणे मांडायची संधी द्यावी लागेल. सरसकट वसुली सुरू केली की पुढचा ग्रंथपाल पहिल्या दिवशी कपाटांना कुलूप घालतो. पुस्तके शाबूत राहतात, वाचक जातात.

परवानगीबद्दल. पुस्तके ही जंगम मालमत्ता. विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ३६ ची धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी स्थावर मालमत्तेच्या विक्रीला, अदलाबदलीला, देणगीला आणि लांब मुदतीच्या भाडेपट्ट्याला लागते, फाटक्या पुस्तकांना नाही. बाद करण्याचा ठराव कार्यकारी मंडळाचा. संस्थेच्या घटनेत सर्वसाधारण सभेची मंजुरी लिहिली असेल तर तीही. नसेल तर वार्षिक अहवालात संख्या व रक्कम देऊन सभेपुढे ठेवणे पुरेसे. मात्र अनुदान घेणारे वाचनालय आहे, तेव्हा ठरावाआधी जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांना यादीसह पत्र द्या आणि पोच घ्या. तपासणीच्या दिवशी ग्रंथसंख्या अचानक घटलेली दिसण्यापेक्षा हे बरे.

कोपऱ्यातलं_कपाट

ग्रंथसंख्येचा विषय निघालाच आहे तर जे कोणी उघड बोलत नाही ते बोलू. शासनाने दिलेला अ, ब असा वर्ग टिकवायला किमान ग्रंथसंख्या लागते. म्हणून वाळवी लागलेले, पाने गळलेले, कालबाह्य झालेले सगळे कपाटात राहते. आयकराची जुनी मार्गदर्शके, रद्द झालेल्या अभ्यासक्रमाची पुस्तके, फ्लॉपीवर काम करायला शिकवणारी संगणकाची पुस्तके. संख्या भरते आणि नवे पुस्तक ठेवायला फळी उरत नाही. भरगच्च कपाटातून पुस्तक ओढताना कणा वरच्या टोकाला फाटतो, म्हणजे चांगलीही खराब होतात. फळीचा पाचवा भाग रिकामा हवा.

उपाय म्हणजे एकदम हजार बाद न करता दरवर्षीच्या खरेदीइतकीच किंवा थोडी कमी बाद करणे. वर्षाला ४०० दाखल होत असतील तर ३५० बाद करा. संख्या घटत नाही, कपाट हलते राहते.

तारीखपट्टी

सहमत. बाद करण्याचे निकष आधी ठरवा, यादी नंतर करा. उलटे केले की यादीत नावे दिसू लागतात आणि मंडळात वाद नावांवरून होतो. ‘अमुक लेखकाची पुस्तके ठेवूच नका’ ही मागणी कधी ना कधी येते. ती निकषांत बसत नाही म्हणून सभेपुढे येतच नाही, हा लेखी निकषांचा खरा उपयोग. मंडळाने निकष मंजूर करावेत, कोणते पुस्तक त्यात बसते ते ग्रंथपालाने ठरवावे.

माझे निकष: पाने कमी आणि बांधणी करूनही उपयोग नाही, तीनपेक्षा जास्त प्रती आणि तारीखपट्टीवर पाच वर्षांत शिक्का नाही, कायदा, कर, वैद्यक, संगणक, स्पर्धा परीक्षा यांची जुनी आवृत्ती, नवी आपल्याकडे असताना. नुसते ‘पाच वर्षांत कोणी नेले नाही’ एवढ्यावर ललित किंवा संदर्भाचे पुस्तक काढू नका. कोश कोणी घरी नेतच नाही. आणि नीट लावलेले नसेल तर चांगले पुस्तकही सापडत नाही, ८९१.४६३ या वर्गांकातली (पुस्तकाचा विषय सांगणारा क्रमांक) कादंबरी ८९१.४६२ च्या नाटकांत जाऊन बसली की तिची तारीखपट्टी कोरीच राहणार.

दुर्मीळ

थोडे थांबा. १९५० पूर्वीचे एकही पुस्तक ‘जीर्ण’ म्हणून रद्दीत घालू नका. शं. ग. दाते यांच्या मराठी ग्रंथसूचीच्या पहिल्या भागात १८०० ते १९३७ पर्यंतच्या पुस्तकांच्या नोंदी आहेत, ती जवळ ठेवून यादी ताडून पाहा. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे, मुंबईचे १८९८ चे. अशा संस्थांना यादी पाठवून विचारा. स्थानिक लेखकांची पुस्तके, गावच्या संस्थांच्या स्मरणिका, जुने दिवाळी अंक हे तुमच्याखेरीज दुसरीकडे नसण्याचीच शक्यता जास्त.

लेखकाच्या मृत्यूला ६० वर्षे उलटून गेली असतील तर कॉपीराइट संपलेला असतो (मोजणी मृत्यूनंतरच्या १ जानेवारीपासून). असे पुस्तक स्कॅन करून ठेवता येते. पान दुमडल्यावर तुटत असेल तर सपाट स्कॅनरवर दाबू नका, वरून फोटो घ्या. चिकटपट्टी लावू नका. काही वर्षांत ती पिवळी पडते आणि अक्षरे घेऊन निघते.

कसर

पडताळणीत पुस्तके हलणारच आहेत तर एवढे करून घ्या. भिंतीला टेकलेली कपाटे वीतभर पुढे ओढा. तळाची फळी जमिनीपासून अर्धा फूट वर हवी. वाळवीची मातीची नळी दिसली तर ती नुसती पुसू नका, कुठून येते ते शोधा. बहुधा दाराच्या चौकटीतून किंवा भिंतीच्या सांध्यातून. किडलेली पुस्तके वेगळ्या खोलीत, प्लॅस्टिक पिशवीत बंद. बुरशी असेल तर आधी मोकळ्या हवेत, सावलीत सुकवा, मग मास्क लावून मऊ ब्रशने झाडा, इमारतीबाहेर. ओल राहिलेल्या खोलीत डांबरगोळ्या कितीही टाकल्या तरी बुरशी येतेच.

खतावणी

आता बाद करण्याची कागदपत्रे. न सापडलेल्या पुस्तकांची यादी लगेच बाद करू नका. सहा महिन्यांनी दुसरा शोध घ्या. चुकीच्या खणातली आणि वाचकांकडची बरीच परत येतात. त्यानंतरही न मिळालेली ठरावात घ्या.

दाखल नोंदवहीत शेऱ्याच्या रकान्यात लाल शाईने ‘बाद, ठराव क्र. __, दि. __’ आणि सचिवांची सही. ओळ खोडायची नाही, पांढरी शाई लावायची नाही, आणि तो क्रमांक दुसऱ्या पुस्तकाला पुन्हा कधीही द्यायचा नाही. नोंद वाचता आली पाहिजे.

हिशेबात यादीतली दाखल किंमत ताळेबंदातून तशीच वजा करू नका. पुस्तकांवर दरवर्षी घसारा लागत असेल तर जुन्या पुस्तकाची बहुतांश किंमत आधीच उतरलेली असते. पूर्ण किंमत परत काढली की तीच रक्कम दोनदा जाते. लेखापरीक्षकांना यादी मार्चअखेरीआधी द्या.

रद्दी विकताना प्रत्येक पुस्तकाच्या शिक्क्यावर ‘बाद’ असा मोठा शिक्का मारा. नाहीतर तेच पुस्तक वाचनालयाच्या शिक्क्यासह पदपथावर दिसते आणि कोणीतरी चोरीची तक्रार करतो. तीन दरपत्रके, वजनाची चिठ्ठी, पावती, कीर्दीत जमा. रोख घेऊन किरकोळ खर्चात वळवू नका.

नियम_उपविधी

ठरावाचा मसुदा हवा असेल त्यांच्यासाठी:

‘विषय क्र. __: पुस्तक पडताळणी अहवाल स्वीकारणे व पुस्तके बाद करणे. दि. __ ते __ या काळात झालेल्या पडताळणीचा अहवाल ग्रंथपालांनी सभेपुढे ठेवला. दुसऱ्या शोधानंतरही न सापडलेली परिशिष्ट अ मधील __ पुस्तके (दाखल किंमत रु. __) व निकषांनुसार निरुपयोगी ठरलेली परिशिष्ट ब मधील __ पुस्तके (दाखल किंमत रु. __) दाखल नोंदवहीतून बाद करण्यास मंजुरी देण्यात येत आहे. परिशिष्ट ब मधील पुस्तकांची विल्हेवाट __ यांच्या उपसमितीने लावून हिशेब पुढील सभेत सादर करावा. सूचक __, अनुमोदक __.’

दोन्ही परिशिष्टांच्या प्रत्येक पानावर अध्यक्ष आणि सचिवांची सही हवी. ‘यादी फाइलला आहे’ असे लिहून भागत नाही, कारण नेमकी तीच फाइल पुढे सापडत नाही. गणपूर्ती इतिवृत्तात नोंदवा.

नवा_सचिव

सर्वांचे आभार. मसुदा उचलला. एकच राहिले: कपाटात अशीही पुस्तके आहेत ज्यांच्यावर वाचनालयाचा शिक्का आहे पण दाखल क्रमांकच नाही. काहींवर ‘सप्रेम भेट’ लिहिलेले. त्यांना सरळ १८,२४१ पासून पुढचे क्रमांक द्यावेत का?

तारीखपट्टी

पडताळणी पूर्ण होईपर्यंत एकही नवा क्रमांक देऊ नका. त्यांचा वेगळा ढीग करा, लेखक-शीर्षक-प्रकाशनवर्ष-पृष्ठसंख्या अशी यादी करा आणि आधी न सापडलेल्यांच्या यादीशी ताडून पाहा. क्रमांकाचे पान गळलेले पुस्तक इथेच सापडते. मग भेट नोंदवही पाहा. ग्रंथालयांना पुस्तके पुरवणाऱ्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानच्या योजनेतून आलेले गठ्ठे कधी कधी दाखल न करताच कपाटात लावलेले असतात, त्यांची पोचपत्रे जुन्या पत्रव्यवहारात शोधा.

उरलेली पुस्तके १८,२४१ पासून दाखल करा. स्रोताच्या रकान्यात ‘पडताळणीत आढळले’, किमतीत छापील किंमत, तारीख आजची. मागची तारीख टाकू नका. भेटीच्या पुस्तकावर देणाऱ्याचे नाव असेल तर तेही शेऱ्यात उतरवा.